गोबर गॅसच्या टाक्या का गंजल्या? आणि आता शेणाला भाव येणार म्हणतात, तो कुणाला?

नेवासा असो, राहुरी असो की पारनेर, कुठल्याही जुन्या वस्तीवर गोठ्याच्या मागं एक नजर टाका. कुठं ना कुठं विटांचा गोल हौद दिसेल आणि त्यावर उपडी ठेवलेली गंजकी लोखंडी टाकी. कुणी त्यात पाचट टाकतं, कुणाच्या कोंबड्या तिच्या सावलीला बसतात. घरातल्या आजीला विचारलं तर ती सांगेल, "ह्यावर आमचा सगळा सैपाक व्हायचा. मग टाकीला भोक पडलं, अन् राह्यलं ते राह्यलंच."

त्याच शेणाकडे आता दिल्लीची नजर पुन्हा वळली आहे. शहरात गाड्यांना मिळणारा सीएनजी आणि घरात पाइपनं येणारा गॅस विकणाऱ्या कंपन्यांना त्यात बायोगॅस मिसळणं बंधनकारक झालं आहे. २०२५-२६ ला १ टक्का, २०२६-२७ ला ३ टक्के, त्याच्या पुढच्या वर्षी ४ आणि २०२८-२९ पासून ५ टक्के. कारण सरळ आहे. आपल्याकडे लागणाऱ्या एलपीजीतला निम्म्याहून जास्त बाहेरून येतो, तोही बहुतेक आखातातून. तिकडं काही खट्ट झालं की इकडं सिलेंडरची चिंता सुरू. म्हणून 'गोबरधन', 'सतत', 'राष्ट्रीय जैवऊर्जा कार्यक्रम' अशी नावं तुमच्या मोबाइलवर वरचेवर येत असतात.

यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि बातम्यांमध्ये त्यांची सरमिसळ होते. एक म्हणजे घरामागचा गोबर गॅस, ज्याच्यावर घरच्या चार-सहा माणसांचा स्वयंपाक होतो. दुसरा म्हणजे मोठा कारखाना, जो गॅस शुद्ध करून, दाबून गाड्यांसाठी विकतो. दोन्हीचं पोट शेणावर किंवा शेतातल्या काडीकचऱ्यावर. पैसा आणि प्रसिद्धी मात्र हळूहळू पहिल्याकडून दुसऱ्याकडे सरकते आहे. त्यामुळं आपल्या घरच्या शेणाचं नेमकं काय करायचं, हा प्रश्न येत्या काही वर्षांत बऱ्याच घरांपुढं येणार आहे.

आधी घरचा हिशोब

एक किलो ताज्या शेणातून साधारण ४० लिटर गॅस मिळतो. गावरान गाय किंवा बैल दिवसाला १० किलोच्या आसपास शेण देतो, म्हैस १५ किलोपर्यंत, जर्सी-एचएफ त्याहून जास्त. चार-सहा माणसांच्या घराला २ घनमीटरचं संयंत्र लागतं, त्याला रोज ५० किलो शेण आणि तेवढंच पाणी. म्हणजे चार-पाच गावरान जनावरं किंवा दोन-तीन संकरित गाई गोठ्यात बांधलेल्या हव्यात. एक घनमीटर बायोगॅस म्हणजे जवळपास ४३० ते ४५० ग्रॅम एलपीजी. कागदावर हिशोब केला तर २ घनमीटरमधून महिन्याला पावणेदोन सिलेंडरएवढी ऊर्जा निघते. प्रत्यक्षात थंडीत गॅस कमी पडतो, थोडा वाया जातो. तरी महिन्याला एक सिलेंडर लागणाऱ्या घराचं भागून जातं, पाहुण्यांच्या चहासकट.

आणि गॅस काढून घेतल्यावर शेण संपत नाही, हे अनेकांच्या लक्षातच आणून दिलं जात नाही. गॅसमध्ये जातो तो मुख्यतः कर्ब. नत्र, स्फुरद, पालाश स्लरीत तसंच राहतं. उलट आपण उकिरड्यावर शेण वर्षभर उघडं टाकतो तेव्हा उन्हावाऱ्यात नत्राचा मोठा भाग उडून जातो, शिवाय तणाचं बी जिवंत राहून शेतात परत येतं. ५० किलो शेणाच्या संयंत्रातून रोज शंभरेक लिटर स्लरी बाहेर पडते. उसाला, घासाला, डाळिंबाला पाण्याबरोबर ती सोडणारे शेतकरी आहेत. त्यातल्या अनेकांना गॅस फुकट मिळाला तरी चालेल, स्लरी हवी असते.

मग एवढं चांगलं असून टाक्या गंजल्या का?

बांधणारा होता, दुरुस्त करणारा नव्हता

आपल्या देशात हा प्रयोग नवा नाही. १९ व्या शतकाच्या शेवटी मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात मैल्यापासून गॅस काढून दिवे लावले गेले होते. १९६० च्या दशकात खादी आयोगानं लोखंडी तरंगत्या टाकीचं मॉडेल गावोगावी नेलं. १९८१-८२ ला राष्ट्रीय प्रकल्प सुरू झाला. १९८४ ला जमिनीखाली घुमट असलेलं, लोखंड न लागणारं 'दीनबंधू' मॉडेल आलं. तेव्हापासून देशात ५० लाखांच्या आसपास घरगुती संयंत्रं उभी राहिली आणि त्यात महाराष्ट्र पहिल्या नंबरवर, ९ लाखांच्या घरात.

पण हा आकडा 'उभारलेल्या' संयंत्रांचा आहे. उद्दिष्ट असतं बांधकामाचं, फोटो असतो उद्घाटनाचा, अनुदानाचा हप्ता पडतो बांधकाम पूर्ण झाल्यावर. तीन वर्षांनी शेगडी पेटते का, हे बघायला कुणी येत नाही, कारण त्याचं उद्दिष्ट कुणालाच दिलेलं नसतं. माझ्या मते गोबर गॅसच्या पन्नास वर्षांच्या कहाणीतली सगळ्यात मोठी चूक हीच. तंत्र फसलं नाही, हिशोब ठेवायची पद्धत फसली.

बंद पडायची कारणं बघितली तर बहुतेक किरकोळ आहेत. लोखंडी टाकी दर वर्षी घासून रंगवावी लागते, ती रंगवली नाही की दोन-चार पावसाळ्यांत चाळणी होते. घुमटाच्या मॉडेलला गंज नाही, पण गवंडी शिकलेला नसेल आणि आतला गिलावा नीट झाला नसेल तर बारीक चिरेतून गॅस निघून जातो. बाहेरून काहीच दिसत नाही, फक्त शेगडी मिणमिणती. पाइपात पाणी साठतं. गॅसबरोबर वाफ येते, ती थंड होऊन पाइपाच्या खोलगट जागी बसते आणि ज्योत फडफडायला लागते. पाइपाला पाणी काढायचा कॉक असेल तर दोन मिनिटांचं काम. ते माहीत नसेल तर "गोबर गॅस बिघडला" आणि पुन्हा चूल. कुणी सिलेंडरचीच शेगडी जोडतं. तिचं जेट बायोगॅसला बारीक पडतं, मग गॅसला "दमच नाही" असं वाटतं. कुणाच्या टाकीत शेणाबरोबर माती, काडी, चिपाडं जातात. ती वर येऊन जाड साय धरते आणि गॅस खालीच कोंडतो. गोठा फिनाइलनं धुवून ते पाणी आत सोडलं तर गॅस करणारे जिवाणूच मरतात.

यातली एकही गोष्ट अशी नाही की जी गावातला शिकलेला पोरगा अर्ध्या दिवसात दुरुस्त करू शकणार नाही. मोटार रिवाइंडिंगवाला प्रत्येक गावात आहे, ठिबकवाला आहे, मोबाइलवाला तर चौकाचौकात. गोबर गॅसवाला नाही. कारण दहा गावांत मिळून चालू संयंत्रं इतकी थोडी की त्याचं पोट भरत नाही. आणि तो नाही म्हणून असलेली संयंत्रंही बंद पडतात.

अजून एक बोलायचं राहतं. शेण गोळा करायचं, पाणी ओतून कालवायचं, कुंडीत ढकलायचं, हे काम जवळपास सगळीकडे बाया करतात. संयंत्र घ्यायचं की नाही, कुठं बांधायचं, शेगडी दुरुस्त करायला पैसे द्यायचे की नाही, हे मात्र पुरुष ठरवतात. कुंडी गोठ्यापासून लांब, उंचावर बांधली तर रोज पाच-सहा पाट्या वर उचलायच्या कुणी? वहिनींना आधी विचारलं असतं तर कुंडी गोठ्याच्या उतारावर आली असती आणि कदाचित आजही चालू असती.

नेपाळनं काय वेगळं केलं

आपल्या शेजारी नेपाळमध्ये १९९२ ला बायोगॅसचा मोठा कार्यक्रम सुरू झाला. त्यांनी सुरुवातीलाच डझनभर मॉडेलांचा नाद सोडला आणि जमिनीखालच्या घुमटाचं एकच डिझाइन सगळीकडे वापरलं. बांधणाऱ्या कंपन्यांना मान्यता घ्यावी लागे, गवंड्यांना प्रशिक्षण सक्तीचं. बांधून झालेल्या संयंत्रांतली काही अचानक तपासली जात आणि दोष निघाला तर कंपनीला दंड. बांधल्यानंतर ठरलेली वर्षं हमी आणि भेट देणं बंधनकारक. चार लाखांहून जास्त संयंत्रं अशी उभी राहिली, तीही आपल्या एखाद्या मध्यम राज्याएवढ्या देशात. संयुक्त राष्ट्रांच्या व्यवस्थेत कार्बन क्रेडिट विकून नेपाळनं त्यातून पैसाही मिळवला. तिथंही आज अडचणी आहेत. पोरं आखातात आणि मलेशियात गेली, गोठे रिकामे होत आहेत, सिलेंडर गावात पोचला आहे. पण दुरुस्तीचा प्रश्न त्यांनी सोडवून दाखवला, हे मान्य करावं लागतं.

चीनची गोष्ट उलटी. तिथं सरकारनं पैसा ओतून ४ कोटींच्या घरात घरगुती संयंत्रं बांधली. जगात कुठंच एवढी नाहीत. पण घरोघरी डुकरं पाळणं कमी झालं, तरुण शहरात गेले आणि संयंत्रांना खाऊ घालायला कुणी उरलं नाही. लाखो हौद कोरडे पडले. २०१५ नंतर त्यांनी घरगुतीचा नाद सोडून मोठ्या प्रकल्पांकडे पैसा वळवला. आपल्या सरकारची चाल आज थोडीफार त्याच दिशेनं दिसते.

आणि आफ्रिका. केनिया, इथिओपिया, टांझानिया, युगांडा, बुर्किना फासो इथं २००९ पासून असाच कार्यक्रम राबवला गेला. तिथली अडचण ऐकली तर अकोल्याच्या डोंगरातल्या माणसाला हसू येईल, कारण ती त्याचीच आहे. जनावरं दिवसभर मोकळी चरतात, शेण रानात पडतं. आणि रोज दोन-तीन हंडे पाणी डोक्यावरून आणायचं, ते पिण्यासाठी की शेण कालवायला?

आपल्याच जिल्ह्यात तीन जिल्हे आहेत

म्हणून "प्रत्येक घरी बायोगॅस" ही घोषणा ऐकली की मला जरा शंकाच येते. अकोले तालुक्यात डांगी जनावरं रानात चरायला जातात, हिवाळ्यात पहाटे चांगलीच थंडी पडते. बायोगॅसच्या जिवाणूंना ३५ अंशांच्या आसपास ऊब लागते. टाकी गार पडली की गॅस निम्म्यावर येतो. तिथं टाकी मोठी लागते, शेण जास्त दिवस आत ठेवावं लागतं आणि तरीही थंडीत चूल पेटवावीच लागते.

पाथर्डी, जामखेडच्या अवर्षणाच्या गावांत फेब्रुवारीनंतर टँकर सुरू होतात. रोज ५० लिटर पाणी टाकीला? हो, गोठा धुतलेलं पाणी चालतं, गोमूत्र चालतं, स्लरीतलं वर आलेलं पाणी गाळून परत वापरता येतं. ही युक्ती सांगायला कुणीतरी हवं. पण जनावरंच चारा छावणीवर गेली तर सगळंच थांबतं, आणि एकदा उपाशी राहिलेली टाकी पुन्हा चालू करायला काही आठवडे जातात.

खरी संधी संगमनेर, राहाता, राहुरी, कोपरगाव या दुधाच्या पट्ट्यात आहे. बांधलेल्या संकरित गाई, बारमाही पाणी, शेजारी ऊस. पण इथंही एक नवी गोष्ट झाली आहे, मुक्त गोठा. गाय मोकळी फिरते, निरोगी राहते, मजूर कमी लागतो, सगळं चांगलं. फक्त शेण मातीत तुडवलं जातं आणि महिन्या-दोन महिन्यांनी ट्रॅक्टरनं एकदम काढलं जातं. ते वाळकं, मातीमिश्रित शेण गॅसच्या कामाचं नाही. मुक्त गोठ्यात संयंत्र चालवायचं तर दूध काढायच्या जागी आणि गव्हाणीसमोर पक्का ओटा करून तिथलं शेण तरी रोज उचलावं लागतं. हे गणित कुठल्या माहितीपत्रकात लिहिलेलं नसतं.

ज्यांच्याकडे जनावरं थोडी आहेत त्यांच्यासाठी एक जुना मार्ग आहे, संडास जोडायचा. पुण्याजवळ देहूत आरोग्य केंद्रात डॉक्टर म्हणून आलेले डॉ. सुहास मापुसकर यांनी आयुष्यभर हेच काम केलं, संडासाला जोडलेलं 'मलप्रभा' संयंत्र त्यांचं. २०१७ ला त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. आपल्या राळेगणसिद्धीतही संडास जोडलेले गॅस प्रकल्प झाले. "त्या गॅसवर भाकरी कशी भाजायची" हा किंतु मनातून जात नाही, हे खरं आहे. ज्योतीला काही वास नसतो आणि रोगजंतू पाइपातून येत नाहीत, हेही खरं.

बायोगॅसला हरवतं कोण?

बायोगॅसची स्पर्धा चुलीशी आहे असं आपण समजतो. खरी स्पर्धा सरकारच्याच दुसऱ्या दोन योजनांशी आहे.

उज्ज्वला योजना २०१६ ला सुरू झाली, देशात १० कोटींवर जोडण्या झाल्या, सिलेंडरमागं ३०० रुपये अनुदान. राज्यानं २०२४ ला वर्षाला तीन सिलेंडर मोफत देणारी अन्नपूर्णा योजना जाहीर केली. धुरात डोळे गेलेल्या बायांना यानं दिलासा मिळाला, त्याबद्दल वाद नाही. पण सिलेंडर स्वस्त मिळाला की रोज शेण कालवायला हात कुणाचा वळेल?

दुसरी योजना युरियाची. ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते, बाकीचा सगळा भार सरकार उचलतं. स्लरीतल्या नत्राची किंमत शेतकरी मनातल्या मनात युरियाच्या भावानं करतो आणि म्हणतो, एवढ्यासाठी कोण बादल्या वाहील! जमिनीतला कर्ब किती घटला, जमीन किती घट्ट झाली, याची किंमत त्या गोणीवर छापलेली नसते.

या दोन्हींच्या तुलनेत संयंत्राचं अनुदान बघा. राष्ट्रीय जैवऊर्जा कार्यक्रमात १ घनमीटरला ९,८०० आणि २ ते ४ घनमीटरला १४,३५० रुपये असा दर आपल्याकडच्या सर्वसाधारण लाभार्थ्यांसाठी ठरला होता. विटा, सिमेंट, खोदाई, मजुरी धरली तर उरलेला बोजा शेतकऱ्याचाच, तोही आधी खिशातून घालायचा. सिलेंडरवरचं आणि युरियावरचं अनुदान वर्षानुवर्षं मिळत राहतं, गोबर गॅसवरचं एकदाच. घरचा गॅस वापरून सिलेंडर वाचवणाऱ्या कुटुंबाला त्या वाचलेल्या अनुदानातला थोडा वाटा देखभालीसाठी दिला तर काय बिघडेल? सरकारच्या तिजोरीतून जास्तीचा पैसाही जाणार नाही.

मोठे प्रकल्प : शेणाचा भाव आणि नेपियरचं गाजर

आता दुसऱ्या बाजूकडे. 'सतत' योजना ऑक्टोबर २०१८ ला आली तेव्हा २०२३-२४ पर्यंत देशात ५,००० प्रकल्प उभे करायचं ठरलं होतं. मुदत संपली तेव्हा त्याच्या पाच टक्केसुद्धा चालू नव्हते. आता मिश्रण सक्तीचं झाल्यामुळं वेग वाढेल, हे नक्की. पण हे प्रकल्प अडतात कुठं ते समजून घ्या.

एक टन शुद्ध, दाबलेला गॅस बनवायला साधारण ५० टन शेण लागतं. म्हणजे रोज ५ टन गॅस करणाऱ्या प्रकल्पाला २५० टन शेण, ट्रॉलीत पाच टन धरलं तर रोज ५० ट्रॉल्या. त्या शेणात ८० टक्के पाणी. दहा-पंधरा किलोमीटरच्या पुढून ते आणायचं म्हणजे डिझेल जाळून पाणी वाहण्यासारखं. म्हणून मोठे प्रकल्प साखर कारखान्यांच्या प्रेसमडकडे वळतात. त्यात एका टन गॅसला २५ टन माल पुरतो आणि तो एकाच जागी पडलेला असतो. आपल्या जिल्ह्यात कारखान्यांची कमी नाही, तेव्हा इथं प्रेसमडवरचे प्रकल्प वाढणार असं धरून चाला. कालपर्यंत सभासदाला स्वस्तात मिळणारा प्रेसमड उद्या प्रकल्पात जाणार. गॅस काढल्यावर उरलेलं खत सभासदाला काय भावानं परत मिळेल, हा प्रश्न वार्षिक सभेत आत्ताच विचारायला हवा. अशा सेंद्रिय खताच्या विक्रीला केंद्र टनामागं १,५०० रुपये मदत देतं, हे सभेत जाताना लक्षात असू द्या.

शेणाला भाव मिळू शकतो का? मिळतो. गुजरातमध्ये बनास डेअरी शेतकऱ्यांकडून किलोला एक रुपयानं शेण घेऊन गॅस बनवते. छत्तीसगडमध्ये २०२० ला सरकारनंच दोन रुपये किलोनं खरेदी सुरू केली होती, पुढं सरकार बदललं आणि ती योजना मागं पडली. एक रुपया धरून हिशोब करा. रोज ५० किलो म्हणजे महिन्याला १,५०० रुपये. घरी गॅस केला तर वाचतो एक, फार तर दीड सिलेंडर. वरवर बघता विकणं फायद्याचं. पण विकलेल्या शेणाबरोबर खत गेलं, आणि शेणखताची ट्रॉली विकत घेताना किती मोजावे लागतात ते तुम्हाला सांगायला नको. राष्ट्रीय डेअरी विकास मंडळानं आणंद जिल्ह्यातल्या झकरियापुरा गावात यातून मधला रस्ता काढला. संयंत्रं घरोघरी, गॅस घरात, आणि जादा स्लरी बायांच्या सहकारी संस्थेमार्फत विकायची. दूध जसं संस्थेत जातं, तशीच स्लरी. माझ्या मते दुधाच्या पट्ट्यासाठी हाच नमुना सगळ्यात जवळचा आहे, कारण दूध संस्था आपल्याकडे गावोगावी तयार आहेत.

नेपियर गवताबद्दल मात्र सावध राहा. "गवत लावा, आम्ही टनावर खरेदी करू, आधी सभासद फी भरा" असे मेसेज फिरतात. गवतापासून गॅस होतो, त्यात खोटं काही नाही. पण प्रकल्प कुठं आहे, बांधून चालू झाला का, तेल कंपनीशी गॅस विक्रीचा करार झाला का, हे कागदावर बघितल्याशिवाय एक रुपया देऊ नका, आणि चाऱ्याचं रान तर मुळीच मोडू नका. हीच गोष्ट स्वस्तात मिळणाऱ्या प्लास्टिकच्या फुग्याच्या संयंत्रांची. संयंत्रं चांगली आहेत, बसवायला सोपी आहेत. ती स्वस्त पडतात कारण तुमच्या घरात वाचलेल्या धुराचं कार्बन क्रेडिट कंपनी विकते. सही करताना किती वर्षांचा हक्क लिहून देता आणि त्या बदल्यात किती वर्षं दुरुस्ती मिळणार, ते वाचून घ्या.

बंद हौद म्हणजे मोकळी जागा नव्हे

एप्रिल २०२४ मध्ये नेवासा तालुक्यातल्या वाकडी गावात काय झालं ते अजून कुणी विसरलेलं नाही. शेणाची स्लरी साठवलेल्या जुन्या विहिरीत मांजर पडलं. त्याला काढायला एक उतरला, त्याला वाचवायला दुसरा, मग तिसरा. पाच माणसं गेली.

अशा हौदात मिथेन असतो, पण माणूस पटकन कोसळतो तो हायड्रोजन सल्फाइडनं आणि ऑक्सिजन नसल्यामुळं. सडक्या अंड्यासारखा वास येणारा हा वायू जास्त प्रमाणात असला तर नाकच बधिर करतो, वास येईनासा होतो आणि माणसाला वाटतं हवा चांगली आहे. दोन-चार श्वासांत शुद्ध जाते. तोंडाला फडकं बांधून काही उपयोग नाही. कुणी पडलं तर मागोमाग उतरायचं नाही. दोर, गळ, शिडी वरूनच टाका, अग्निशमन आणि रुग्णवाहिकेला फोन करा. साफसफाई करायची तर आधी सगळं झाकण काढून, स्लरी बाहेरून उपसून, काही दिवस उघडं ठेवून, आणि तरीही कमरेला दोर बांधून वर दोन माणसं उभी असल्याशिवाय नाही. बंद पडलेला हौद एक तर दुरुस्त करून चालू करा, नाही तर मुरमानं भरून टाका. अर्धा भरलेला, उघडा हौद अंगणात ठेवू नका.

अर्ज करण्याआधी

पंचायत समितीच्या कृषी विभागात चालू वर्षाचं उद्दिष्ट आणि आजचा अनुदानाचा दर विचारा. दर बदलत असतात, जुन्या मेसेजवर जाऊ नका. मोठं संयंत्र म्हणजे जास्त गॅस असं नसतं. शेण पुरलं नाही तर मोठी टाकी छोटीपेक्षा वाईट चालते. म्हणून आठ दिवस रोज सकाळी खरोखर किती किलो शेण निघतं ते घमेल्यानं मोजा, मगच आकार ठरवा. दावणीच्या गाई पुढच्या वर्षी विकायचा विचार असेल तर आत्ताच थांबा.

आणखी एक गोष्ट बहुतेकांना सांगितली जात नाही. सरकारी योजनेत पूर्ण काम अंगावर घेऊन संयंत्र बांधणाऱ्याला वेगळी फी मिळते आणि ती ५ वर्षांच्या मोफत देखभालीच्या हमीशी जोडलेली आहे. म्हणजे गॅस कमी आला, गळती झाली, कॉक तुटला तर त्यानं यायचं असतं. ती हमी लेखी घ्या, कागदावर त्याचं नाव, सही आणि फोन नंबर घ्या, आणि हे सगळं पहिली वीट बसण्याआधी.